दोस्तांची राइड आणि धंदा: मेळघाटच्या ट्रिपचा हिशोब एकदा नीट मांडा

गेल्या दोन-तीन महिन्यांत एकच प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत आलाय. "सर, आमचा रायडिंगचा ग्रुप आहे. दरवर्षी घरच्यांना घेऊन, मित्रांना घेऊन बाइकवर डोंगरात जातो. सगळं प्लॅनिंग मीच करतो. सगळे म्हणतात, तू यातच धंदा काढ. बाइक टूरची कंपनी काढायला किती भांडवल लागेल?" विचारणारे बहुतेक आपल्या संभाजीनगरचेच. कुणी वाळूजला कंपनीत, कुणी शेंद्र्याला, एक-दोघे दुकान सांभाळणारे. त्यातल्या एकाने तर पीएफ काढायचा फॉर्म भरून ठेवलाय. म्हणून हा लेख जरा घाईने लिहितोय.

भांडवलाचं नंतर बघू. माझं मत आधी सांगतो. घरच्यांबरोबर आणि दोस्तांबरोबरची ट्रिप झकास झाली म्हणजे तिचा धंदा होतो असं नाही. त्या ट्रिपमधलं निम्मं काम कुणीतरी फुकट केलेलं असतं. आधी त्या कामाला पैसे लावा. मग आकडा कुठे जातो ते बघा आणि नोकरीचं त्यानंतर ठरवा.

आपल्या शहराला मोटारसायकलचं वेड असणं साहजिक आहे. 1985 साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या भोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान-मोठ्या शेकडो युनिट्सचं जाळं उभं राहिलं. इथल्या कितीतरी घरांची चूल दोन चाकांवर पेटते. गाडीचा आवाज ऐकून बिघाड सांगणारी माणसं आपल्या गल्लीत सापडतात. त्यामुळे "आपल्याला गाडी कळते, रस्ता कळतो, मग टूर का नाही?" असं वाटतं. पण गाडी कळणं आणि दहा अनोळखी माणसांना डोंगरातून सुखरूप फिरवून आणणं ही दोन वेगळी कामं आहेत.

ट्रिप कुठली धरायची?

उदाहरणाला मी मेळघाट घेतो. आपल्या भागातल्या ग्रुपची ती आवडती ट्रिप आहे आणि मीही घरच्यांना, मित्रांना घेऊन बाइकवर जाऊन आलोय. जालना, देऊळगाव राजा, चिखली, खामगाव, अकोला, मग परतवाडा आणि तिथून घाट चढून चिखलदरा. साधारण साडेतीनशे किलोमीटर. पुढे सेमाडोह, सिपना नदीकाठचं कोलकास, हरिसाल. सातपुड्याचे डोंगर, सागाचं जंगल, कोरकू गावं, चिखलदऱ्याची कॉफी आणि रबडी. 1973 साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून मेळघाट होता. त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे 361 चौरस किलोमीटरचं.

आता पहिली अडचण. तुमच्या जाहिरातीत "नॅशनल पार्कमध्ये बाइक राइड" असं लिहाल, तर ती जाहिरात खोटी ठरेल. राष्ट्रीय उद्यानात सफारीला दुचाकी चालत नाही. वनखात्याकडे नोंदवलेल्या जिप्सीतून आणि गाइड घेऊनच आत जायचं असतं. राज्याचा रस्ता जंगलातून जातो, तिथून तुम्ही जाऊ शकता, पण उद्यानाच्या गेटपाशी तुमची बाइक थांबते. आपली पोरं यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघतात. तिथल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये ट्रेल रिज रोड आहे, तो 12,000 फुटांच्या वर जातो आणि त्यावर माणूस स्वतःची मोटारसायकल घेऊन सरळ पार्कातून फिरतो. आपल्याकडे तसं नाही. त्याच व्हिडिओत एक गोष्ट मात्र बघण्यासारखी असते. पार्काच्या दाराशी एस्टेस पार्क नावाचं गाव आहे. ते गाव आल्या-गेल्याला राहायला जागा, खायला जेवण आणि दुकानातला माल विकून जगतं. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी अडचण हंगामाची. लोकांना चिखलदरा हवा असतो पावसाळ्यात, धुकं आणि धबधब्यांसाठी. नेमकी तेव्हा जंगलाच्या गाभ्यातली सफारी बंद असते आणि ओल्या घाटात मागे बायको-पोरं बसवून बाइक चालवणं धोक्याचं. वाघ दिसायची शक्यता जास्त ती उन्हाळ्यात, पाणवठ्यांवर. पण मे महिन्यात अकोल्याच्या उन्हात हेल्मेट घालून दुपारी बाइकवर बसून बघा एकदा! कुणी पैसे देऊन तो छळ विकत घेणार नाही. राहता राहिले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणजे साधारण 17 शनिवार-रविवार. तुमच्या धंद्याचं वर्ष एवढंच आहे.

तिसरी गोष्ट मुलांची. घरच्यांची ट्रिप म्हणजे लहान मुलं आलीच. 2022 मध्ये केंद्राने केलेल्या नियमानुसार चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला हेल्मेट आणि चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा हवा, आणि वेग ताशी 40 च्या वर नको. साडेतीनशे किलोमीटर ताशी 40 ने म्हणजे पावणेनऊ तास नुसतं चालवणं. चहा-पाणी, जेवण वेगळं. आपण काय करतो? "होईल काही नाही" म्हणून टाकीवर पोरगं बसवतो. ते आपल्या घरातही चुकीचंच आहे, पण गिऱ्हाइकाच्या घरातलं पोरगं असेल तर तुमच्यावर जबाबदारी येते. लहान मुलं बरोबरच्या चारचाकीत बसणार हे आधीच लिहून द्यावं लागेल.

आता वही घ्या

समजा पाच बाइक, दहा माणसं, तीन दिवस, दोन रात्री. जाऊन-येऊन आणि तिथलं फिरणं धरून 900 किलोमीटर. मी आकडे गोल धरतोय, तुम्ही तुमचे टाका.

आधी दोस्तांचा हिशोब. बाइकचं ॲव्हरेज 40, पेट्रोल 105 रुपये लिटर, म्हणजे एका बाइकला साधारण 2,360 आणि पाच बाइकना 11,800. पाच खोल्या 1,800 रुपये दराने दोन रात्री, 18,000. जेवणखाण माणशी दिवसाला 500 प्रमाणे 15,000. दोन जिप्सी 4,000 प्रमाणे, 8,000. बेरीज 52,800. माणशी 5,280 रुपये. ट्रिप संपल्यावर ग्रुपवर हिशोब टाकायचा, सगळ्यांनी पैसे पाठवायचे. कुणीतरी म्हणतं, "एवढ्यात झालं? भारीच!" आणि इथेच तुमच्या डोक्यात धंद्याचा किडा शिरतो.

आता तीच ट्रिप अनोळखी दहा जणांना विका. पेट्रोल त्यांचं ते टाकतील, ते काढून टाकू. राहिले 41,000. त्यावर काय चढतं ते बघा.

सामान आणि मुलांसाठी एक चारचाकी बरोबर हवी. 900 किलोमीटर 16 रुपये दराने 14,400, ड्रायव्हरचा भत्ता 1,500. (मित्राची पांढऱ्या नंबरप्लेटची बोलेरो नेऊन त्याला गुपचूप पैसे देऊ, असं मनात आलं असेल तर काढून टाका. भाड्याने चालणारी गाडी पिवळ्या प्लेटचीच लागते.) मेकॅनिक तीन दिवस, 3,600. तुमची स्वतःची मजुरी: तीन दिवस ट्रिपचे आणि तीन दिवस फोन, बुकिंग, पैसे गोळा करणं, असे सहा दिवस 1,000 रुपयांनी 6,000. तुमच्या बाइकचं पेट्रोल 2,360, आणि तिची झीज किलोमीटरला 2 रुपये धरून 1,800. तुम्ही, मेकॅनिक आणि ड्रायव्हर यांची एक खोली दोन रात्री 3,600, जेवण 4,500. ट्यूब, केबल, प्रथमोपचार वगैरे 1,500. दहा जणांचा तीन दिवसांचा अपघात विमा 1,500. जाहिरात 4,000. ही बेरीज 44,760.

एकूण 85,760. माणशी 8,576, पेट्रोल सोडून. दोस्तांच्या हिशोबात पेट्रोल काढलं तर माणशी 4,100 होते, म्हणजे दुपटीच्या वर गेलो. यावर साधारण 15 टक्के नफा ठेवून तुम्ही 9,900 ला पॅकेज विकलं, तर दहा माणसं भरल्यावर 99,000 येतात आणि 13,240 रुपये उरतात. वर तुमची 6,000 मजुरी. वाईट नाही.

पण दहा भरतात का? शेवटच्या आठवड्यात कुणाच्या घरी लग्न निघतं, कुणाची सुट्टी नाकारली जाते. समजा सहाच आले. तीन खोल्या 10,800, जेवण 9,000, एक जिप्सी 4,000. पण चारचाकी तीच, मेकॅनिक तोच, जाहिरात तीच. तो खर्च फक्त विम्याच्या 600 रुपयांनी कमी होऊन 44,160 राहतो. एकूण 67,960. तुमच्याकडे आले 59,400. म्हणजे 8,560 चा खड्डा. तुमची मजुरी बुडाली आणि वर 2,560 खिशातून गेले. तीन दिवस धूळ खाऊन, लोकांच्या शिव्या खाऊन.

आणि सगळं छान चाललं असं धरू. 17 पैकी आठ शनिवार-रविवारी दहाच्या दहा माणसं मिळाली. आठ गुणिले 19,240 म्हणजे 1,53,920 रुपये. हे वर्षाचं उत्पन्न. आता ज्याने पीएफचा फॉर्म भरलाय त्याने आपल्या पगाराची स्लिप शेजारी ठेवून बघावं.

यात जीएसटी धरलेला नाही. सेवेच्या धंद्यात उलाढाल 20 लाखांच्या वर गेल्यावर नोंदणी लागते, सुरुवातीला तिथपर्यंत तुम्ही पोचणार नाही. उद्यम नोंदणी मात्र करून ठेवा, ती सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत असते. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारे एजंट फिरतात, त्यांना दारातूनच परत पाठवा.

काही जण म्हणतील, मग बाइकही आपणच भाड्याने देऊ. नका देऊ, निदान कायदा वाचल्याशिवाय नका देऊ. पांढऱ्या प्लेटची खाजगी बाइक भाड्याने देता येत नाही. त्यासाठी केंद्राची 1997 ची मोटारसायकल भाड्याने देण्याची योजना आहे, परवाना लागतो, किमान पाच गाड्या लागतात, आणि स्वतः चालवायला दिलेल्या गाडीची प्लेट काळी, अक्षरं पिवळी. खाजगी विम्याची गाडी भाड्याने गेली आणि घाटात पडली, तर विमा कंपनी हात वर करू शकते. लडाखला गेलेल्यांना आठवत असेल, मनालीहून किंवा श्रीनगरहून भाड्याने आणलेल्या बाइकवर तिथले लोक नुब्रा-पँगाँग फिरू देत नाहीत, लेहमधूनच भाड्याची घ्यावी लागते. आपण चिडतो, दादागिरी म्हणतो. पण धंद्याच्या नजरेने बघा, त्यांनी एकजुटीने आपल्या पोटाचं साधन राखलंय. तुम्ही दुसऱ्याच्या डोंगरात जाऊन धंदा करणार असाल, तर तिथलेही तुमच्याकडे याच नजरेने बघणार हे गृहीत धरा.

आणि एक गोष्ट आकड्यात बसत नाही. दोस्त पडला तर आपण त्याला उचलतो, हळद लावतो आणि वर्षभर चिडवतो. गिऱ्हाईक पडलं तर प्रकरण ग्राहक आयोगात जाऊ शकतं. "स्वतःच्या जबाबदारीवर आलो आहे" अशा कागदावर सही घेतली म्हणजे सुटलो असं समजू नका. तुमचा निष्काळजीपणा दिसला तर तो कागद वाचवत नाही.

फुकट काम नक्की कुणी केलं?

वरच्या हिशोबात एक ओळ मी मुद्दाम घातली नाही. दोस्तांच्या ट्रिपमध्ये पहिल्या दिवशीचं खाणं कुठून आलं? पहाटे चारला उठून घरच्या बायकांनी केलेल्या दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, उकडलेली अंडी. कपड्यांच्या बॅगा कुणी भरल्या? मुलांची औषधं कुणाच्या लक्षात राहिली? सासूबाईंच्या गोळ्या शेजारी कुणी देऊन ठेवल्या? आपण व्हॉट्सअ‍ॅपवर रूट टाकला, दोन हॉटेलांना फोन केले आणि "प्लॅनिंग मी केलं" म्हणतो. वहिनींना विचारा जरा, प्लॅनिंग कुणी केलं ते.

हे मी कुणाला टोमणा म्हणून लिहीत नाही. धंद्याचा मुद्दा आहे. मराठी माणसाने पर्यटनात नाव कमावलं ते कशावर? केसरी टूर्स 1984 पासून, पुढे 2013 मध्ये वीणा वर्ल्ड. ताजमहाल किंवा स्वित्झर्लंड त्यांचं नव्हतं. आपल्या भाषेत बोलणारा टूर लीडर, आपल्या जिभेचं जेवण आणि आजी-आजोबांची काळजी घेणारं कुणीतरी बरोबर, हे त्यांनी विकलं. घरची बाई जे फुकट करते तेच काम पगारी माणसांकडून नीट करून घेतलं आणि त्याचे पैसे लावले. तुमच्या ग्रुपमध्येही खरी कला कदाचित हँडल धरणाऱ्याकडे नसेल, डबा भरणारीकडे असेल.

मग माझा सल्ला उलटा आहे. कंपनी काढायचीच असेल तर आधी वहिनींच्या हातातली काढा. दशमी दुधात भिजवलेल्या पिठाची, दोन-तीन दिवस टिकते, गाडीवर चुरा होत नाही, हात धुतले नाहीत तरी खाता येते (येतं म्हणजे सगळे खातातच). शनिवारी पहाटे आपल्या शहरातून किती ग्रुप निघतात! त्यांच्यासाठी गुरुवारपर्यंत ऑर्डर घेऊन शुक्रवारी रात्री पाकिटं तयार. समजा एक पाकीट 130 ला, मजुरीसकट खर्च 85. आठवड्याला 40 पाकिटं गेली तर 1,800 उरतात. याने बंगला होणार नाही, मान्य. पण पैसे आधी येतात, ऑर्डर आली तेवढंच करायचं, आणि नुकसान झालं तर पिठाच्या पोत्याएवढं. अन्नाचा धंदा आहे, एफएसएसएआयची नोंदणी करून घ्या. बाइकवाले कमी पडले तर तीच पाकिटं पंढरपूर, शेगाव, तिरुपतीला निघणाऱ्या कुटुंबांना जातात. बाइक टूरला ही सोय नाही.

रस्त्यावर कोण कमावतो

मागच्या मेळघाट ट्रिपमध्ये चिखलीच्या अलीकडे आमच्या एका गाडीचं चाक बसलं. रस्त्याच्या कडेला पंक्चरचं दुकान होतं, मागे लागूनच त्या माणसाचं घर. त्याने टायर काढेपर्यंत त्याच्या बायकोने विचारलं, "ताई, बाथरूमला जायचंय का?" आमच्या बायकांच्या चेहऱ्यावर काय आनंद आला म्हणून सांगू! बाथरूम साधं, पण धुतलेलं, बादलीत पाणी, आतून कडी. मग त्या सगळ्याजणी अंगणात बसल्या, मुलं शेळीच्या मागे पळाली, आणि चहा-पोह्यांची ऑर्डर आपोआप गेली. पंक्चरचे 150 झाले. चहा-पोह्यांचे 420. परतीला आम्ही गरज नसताना तिथेच थांबलो, पुन्हा 300 दिले.

त्या माणसाने "टूरिझम" हा शब्दही वापरला नसेल.

आता समृद्धी महामार्ग आठवा. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून 2025 मध्ये मुंबईच्या बाजूपर्यंत पूर्ण झाला, 701 किलोमीटर. चारचाकीवाले तिकडे वळले. जुन्या रस्त्यावरचे ढाबेवाले हात चोळत बसले आहेत. पण समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही! म्हणजे आपल्याकडून विदर्भात बाइकवर जाणारा प्रत्येक ग्रुप, प्रत्येक नवरा-बायको, जुन्याच रस्त्याने जाणार. त्यांना दुसरा मार्ग नाही. बाइकवाला 80-100 किलोमीटरला थांबतोच, पाठ धरते. त्याला काय लागतं? सावली, गाडी डोळ्यासमोर राहील अशी जागा, हेल्मेट ठेवायला टेबल, हवा-पंक्चर, आणि बरोबर बायका असतील तर सगळ्यात आधी स्वच्छ बाथरूम. जालना-खामगाव पट्ट्यात ज्याची रस्त्यालगत वडिलोपार्जित जागा आहे, त्याने तीन बुलेटच्या हप्त्याऐवजी दोन चांगली बाथरूमं बांधावीत असं माझं स्पष्ट मत आहे. कृषी पर्यटनाचं धोरण राज्याने 2020 मध्ये आणलंय, निवास व न्याहारी योजनाही आहे. गावाकडे घर रिकामं पडलं असेल तर त्या बाजूनेही चौकशी करा.

आणखी एक जागा आपल्या नाकासमोर आहे. अजिंठा लेणी बघायला बाइकवर आलेल्यांना गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला लावून एसटीच्या बसने पुढे जावं लागतं. आता अंगावर जॅकेट, हातात हेल्मेट, गाडीला बांधलेल्या दोन बॅगा, आणि वर पायऱ्या चढायच्या. सामान विश्वासाने सांभाळणारा आणि पावती देणारा माणूस तिथे चार पैसे कमावेल की नाही, तुम्हीच सांगा.

वाळूजमध्ये ज्यांची फॅब्रिकेशनची शेड आहे त्यांच्यासाठी तर हा विषय सोन्यासारखा आहे. घरच्यांना घेऊन लांब जाणाऱ्याची पहिली तक्रार सामान कुठे बांधू ही असते. चांगलं लगेज कॅरिअर, बॅग चाकाला घासू नये म्हणून लावायची जाळी, मागे बसणाऱ्याला पाठीला टेका. पाइप वाकवणं, वेल्डिंग, पावडर कोटिंग हे आपल्या शहराला झोपेत येतं. हा माल देशभर विकता येतो, त्याला पावसाळा-उन्हाळा नाही, आणि सहाच गिऱ्हाईक आले म्हणून उरलेला माल सडत नाही. आपल्या क्लासच्या लोकांतले बहुतेकजण मोठ्या कंपनीला सुटे भाग देऊन 60-90 दिवस पैशाची वाट बघतात. रायडरला थेट विकलेल्या कॅरिअरचे पैसे त्याच दिवशी येतात.

एवढं सांगूनही काहीजण म्हणतील, सर, मला टूरच काढायचीय, माझं मन त्यातच आहे. काढा की. मी अडवणारा कोण. 2019 मध्ये टिपेश्वरच्या जंगलातून गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक तरुण वाघ निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगण फिरत सुमारे तेराशे किलोमीटर चालून बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. मन लागलं की माणूस काय, वाघही थांबत नाही. पण त्याच्यावर हप्ते नव्हते.

तुमच्यासाठी मेळघाट पहिल्या वर्षी नको. आपल्या उंबऱ्यावर गौताळा आहे, कन्नडजवळचं गौताळा औट्रम घाट अभयारण्य, 1986 साली जाहीर झालेलं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं. शहरापासून दीड-दोन तास. डोंगर आहे, झाडी आहे, जवळच पितळखोऱ्याची लेणी आहेत, रात्री मुक्काम नाही, खोल्यांचा खर्च नाही. एक दिवसाची राइड ठेवा. चारचाकी नको, एक मेकॅनिक मित्र पगार देऊन बरोबर घ्या, खरंच पगार देऊन. खाणं घरचं, पण घरच्यांना मजुरी देऊन. प्रवेशाच्या वेळा आणि फी वनखात्याकडून आदल्या आठवड्यात विचारून घ्या. नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत महिन्याला दोन, अशा आठ राइड करा, नोकरी चालू ठेवून, सुट्टीच्या दिवशी.

प्रत्येक राइडनंतर वहीत तीन आकडे लिहा: किती जणांनी आगाऊ पैसे भरले, त्यातले किती आले, आणि सगळी मजुरी देऊन हातात किती राहिलं. मित्र, मेहुणे, ऑफिसातले सहकारी यांना त्यात धरायचं नाही. आठ राइडची वही झाली की मला दाखवायला आणा. पीएफचा फॉर्म तोपर्यंत कपाटात राहू द्या.